अजिंठा रांगेत तीन मुक्काम: पाणी कसं गाळायचं, अंथरूण-पांघरूण काय न्यायचं?

दुधनाकाठ (जालना)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण सोयगावच्या बाजूने अजिंठा रांगेत शिरतोय. वेताळवाडीचा किल्ला, रुद्रेश्वर, घटोत्कच लेणी, जंजाळा आणि तिथून पुढे बनोटीकडे. शक्य तिथे गाडीरस्ता टाळून घळींतून आणि ओढ्यांच्या कडेने चालायचं ठरलंय. तीन मुक्काम, तिन्ही उघड्यावर. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज दिलाय, गावातला एक वाटाड्याही सोबत आहे.

दोन गोष्टींवर आमच्यात एकमत होत नाही.

पाणी: तिघांचं म्हणणं, सगळं उकळून प्यावं. बाकीच्यांना तो पिळून वापरायचा छोटा फिल्टर घ्यायचाय. क्लोरीनच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतायत. यातलं नेमकं काय पुरेसं आहे?

झोप: दोघांकडे स्लीपिंग बॅग आहेत, त्यावर १० अंश लिहिलंय. बाकीचे घोंगडी किंवा गोधडी आणतो म्हणतात. रात्री किती थंडी पडते? पाण्यासकट पाठीवरचं ओझं १२ किलोच्या आत ठेवायचंय.

---

सातमाळी (कन्नड)

आधी पाण्याचं सांगतो, कारण या रांगेत गोंधळ तिथेच होतो.

फिल्टर कोणता घ्यायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न पाणी कुठून भरायचं. सोयगाव-सिल्लोड पट्ट्यात वरच्या पठारावर कापूस आणि मका आहे, आणि त्या शेतांचं पाणी घळीत उतरतं. फवारणीचं औषध पाण्यात विरघळलेलं असतं. ते कापडाने अडत नाही, पिळायच्या फिल्टरने अडत नाही, आणि उकळून तर अजिबात जात नाही. म्हणून ज्या ओढ्याच्या डोक्यावर शेती आहे त्याचं पाणी भांडी घासायलाही घेऊ नका. नकाशावर, नाहीतर उपग्रहाच्या चित्रावर, ओढा उलटा वर चढत बघा. वर नुसतं जंगल आणि खडक असेल तर तो आपला. शंका असेल तर गावातली पिण्याची विहीर किंवा नळ गाठा. अर्धा तास जास्त चालावं लागलं तरी चालेल.

डोहावर हिरवा-निळा, रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर ते पाणीही सोडून द्या. त्यातलं विष उकळूनही टिकतं. वाहतं पाणी मिळालं तर थांबलेलं नको. किल्ल्यावरच्या टाक्यांपैकी कोरीव छताखालचं, सावलीतलं टाकं उघड्या तळ्यापेक्षा बरं. उघड्या तळ्यात गुरं उतरतात.

आता गाळायचा क्रम.

पहिलं कापड. जुनं सुती लुगडं किंवा धोतर चार पदरी करून त्यातून ओता. गाळ, पानं, किडे आणि पाण्यातले बारीक पिसू यात अडकतात. आपल्याकडे पायऱ्यांच्या बारवांमधून नारूचा जंत पसरायचा तो याच पिसूंमधून, आणि तो थोपवायला गावोगाव कापडाचीच गाळणी वाटली होती. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पण कापड इथे वापरायचं ते मुख्यतः फिल्टर तुंबू नये म्हणून.

दुसरं, पाणी गढूळ असेल तरच तुरटी. दहा लिटरच्या पिशवीत तुरटीचा खडा आठ-दहा वेळा गोल फिरवा, मिनिटभर हळू ढवळा आणि तासभर हात लावू नका. गाळाचे पुंजके तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी अलगद काढून घ्या. खडा जास्त फिरवला म्हणजे जास्त निवळतं असं नाही, नुसती तुरट चव येते.

तिसरा फिल्टर. बाजारात मिळणारे सॉयर, कॅटाडिन वगैरे पिळायचे फिल्टर पोकळ धाग्यांचे असतात आणि त्यांची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची. जिवाणू आणि जुलाब लावणारे जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी यात अडतात. विषाणू अडत नाहीत. कावीळ अ चा विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचा, तो सरळ पार होतो. गुरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतूही इतका बारीक आणि लवचीक असतो की ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटतो.

म्हणून चौथी क्लोरीनची गोळी. ती गाळलेल्या पाण्यातच टाका. गढूळ पाण्यात टाकली तर तिची ताकद गाळ आणि कुजलेला पाला खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही. उलट क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, तो फिल्टरमध्येच अडकायला हवा. एकाची उणीव दुसरा भरतो, त्यामुळे दोन्ही न्या.

गोळीच्या पाकिटावर ती किती लिटरसाठी आहे हे वाचल्याशिवाय टाकू नका. सरकारी पुरवठ्यात अर्ध्या ग्रॅमची, २० लिटरची गोळी सर्रास असते. ती एक लिटरच्या बाटलीत टाकली तर पाणी पिता येणार नाही. तुकडे करून अंदाजे टाकण्यातही अर्थ नाही. तुम्ही सहा जण आहात, म्हणजे संध्याकाळी मुक्कामावर २० लिटर पाणी लागणारच. घडीचा २० लिटरचा कॅन न्या, त्यात एक गोळी टाका, अर्धा तास थांबा. पाणी खूप गार असेल तर तासभर. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर अजून एक गोळी टाकून परत अर्धा तास. दिवसा वाटेत भरायच्या बाटल्यांसाठी एक लिटरची वेगळी गोळी औषधाच्या दुकानातून घ्या.

एक बारीक गोष्ट राहून जाते. बाटलीच्या आट्यांवर आणि झाकणात कच्चं पाणी राहिलेलं असतं. गोळी विरघळली की झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरा, चार थेंब आट्यांवरून वाहू द्या, मग घट्ट करा. कच्च्या पाण्याची पिशवी आणि पक्क्या पाण्याची बाटली वेगळ्या रंगाच्या ठेवा किंवा कच्च्याला लाल चिकटपट्टी लावा. अंधारात अदलाबदल होते आणि सगळी मेहनत वाया जाते.

---

मांजराकाठ (लातूर)

एवढं करण्यापेक्षा सरळ उकळा की. उकळलं की जिवाणू, विषाणू, सगळंच मरतं.

---

सातमाळी (कन्नड)

मरतं हे खरं. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, ती उंची आपल्याकडे नाही. वीस मिनिटं उकळत ठेवण्याची गरज नाही.

अडचण गॅसची आहे. वाऱ्याला आडोसा आणि भांड्यावर झाकण असेल तर एक लिटर पाण्याला १५ ते २० ग्रॅम गॅस जातो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डब्यात बारा-पंधरा लिटर पाणी. सहा जणांना पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला २४ लिटर लागेल. रोज दीड ते दोन डबे नुसत्या पाण्यावर. शिवाय ते गार होईपर्यंत बसून राहायचं. लाकडं पेटवायचा विचार करू नका. डिसेंबरात डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीत डोंगराची अख्खी सोंड जळते, आणि वनखातं परवानगी देताना आगीला मनाई करतंच. किल्ल्यावर आणि लेण्यांच्या बाजूला आग्या मोहोळं असतात, धूर गेला तर त्या माश्या माणसाला सोडत नाहीत.

चहा आणि भाताचं पाणी तसंही उकळतंच, त्यात गोळी टाकायची गरज नाही. उकळणं हा राखीव मार्ग ठेवा, फिल्टर फुटला तर.

---

पठारावरून (छत्रपती संभाजीनगर)

फिल्टरच्या निगेबद्दल थोडी भर.

नवा कोरडा फिल्टर आधी दहा मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पाणी पडतच नाही आणि माणूस जोर लावून पिशवीची शिवण फोडतो. सुरुवातीला लिटरभर पाणी दोन-तीन मिनिटांत पडतं. वेग निम्म्यावर आला की उलटा धुवा. सोबत मिळते ती मोठी सिरिंज स्वच्छ पाण्याने भरून बाहेरच्या तोंडातून जोरात सोडायची, पाच-सहा वेळा. हळू सोडलं तर पाणी आधीच मोकळ्या असलेल्या धाग्यांतून निघून जातं आणि तुंबलेले तसेच राहतात. काही फिल्टर सिरिंजने धुवायचे नसतात, नुसते पाण्यात हलवून साफ करायचे असतात. पाकिटावर काय लिहिलंय ते बघा.

आपल्या भागातलं पाणी जड आहे. गेल्या वेळचा फिल्टर न धुता कपाटात ठेवलेला असेल तर आत क्षार धरलेले असतात, आणि ते उलट्या धुण्याने निघत नाहीत. अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, मग कोमट पाण्याने भरपूर धुवा. हे निघायच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे नाहीच सुटला तर दुसरा घ्यायला वेळ मिळतो.

खडकावर पडला तर धागे आतून तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. पूर्ण ओल्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूने तोंडाने फुंका. धागे शाबूत असतील तर हवा पार जात नाही. सहज गेली तर तो फिल्टर गेला. तुंबलेला फिल्टर काहीही न करता एकदम वेगाने वाहायला लागला तर तेही तुटल्याचंच लक्षण.

जोडणीचं बघा. सॉयरसारखे फिल्टर कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या आट्यांना बसतात. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच बाटल्यांचे आटे वेगळे असतात, बसल्यासारखे वाटतात आणि दाबलं की कडेने कच्चं पाणी गळून खालच्या पक्क्या पाण्यात पडतं. कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्या सोबत घ्या. फिल्टरबरोबरची पातळ पिशवी फाटली तर याच कामाला येतात. आतला रबरी वायसर निसटून हरवतो, तो एक जादा ठेवा. सहा जणांना दोन फिल्टर पुरतात.

पाण्याचं ओझं: निघताना प्रत्येकी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. याहून कमी नको. पावसाळ्यात वाहणारे इथले बहुतेक ओढे डिसेंबर अखेरीस डबक्यांवर आलेले असतात. रोज सकाळी वाटाड्याला एकच विचारा, पुढचं हमखास पाणी कुठे. जमलं तर त्याच्याकडून निघण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा बघून घ्या.

---

वैशागड (सिल्लोड)

झोपेचं मी सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री ८ ते १२ अंश धरून चाला. थंडीची लाट आली तर ५-६. घळीच्या तळाला पठारापेक्षा जास्त गार असतं, कारण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि तळात साठते. शिवाय पाण्याजवळ दहिवर पडतं, पहाटे सगळं भिजलेलं. म्हणून ओढ्याच्या पात्रात किंवा काठावर झोपू नका. दहा-पंधरा मीटर वर चढून सोंडेवरची सपाट जागा बघा. ऊब जास्त, ओल कमी, अवकाळी पाऊस आला तर पाण्याच्या वाटेतही नाही, आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट मोकळी राहते. या जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे. लेण्यांत मुक्काम करता येत नाही, तो विचार मनात असेल तर सोडा.

थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून. अंगाखाली पांघरुणाचा कापूस किंवा धागा दाबला जातो, त्यातली हवा निघते आणि ऊब संपते. हजारोंची बॅग घेऊन उघड्या खडकावर झोपणारा रात्रभर कुडकुडतो. म्हणून आधी चटईवर खर्च करा. चटईची ऊब आर-मूल्यात मोजतात. बंद पेशींच्या १० मिलिमीटर फोमची चटई साधारण १.५ भरते, वजन पाव ते अर्धा किलो. तुमच्या हवेला २ ते ३ हवं. एकावर एक ठेवलेल्या चटयांची आर-मूल्यं सरळ बेरजेने वाढतात, म्हणजे दोन फोम टाकले की ३.

हवा भरायची गादी इथे नको. बोरी, बाभळी, हिवर यांचे काटे आणि कुसळ. एक बारीक छिद्र आणि मध्यरात्री माणूस जमिनीवर. न्यायचीच असेल तर खाली फोम हवाच, आणि गोंद-ठिगळाचा संच सोबत. फोमला काटे टोचले तरी त्याचं काही बिघडत नाही.

बॅगवरच्या १० अंशांबद्दल. चांगल्या बॅगवर दोन आकडे असतात, एक आरामाचा आणि एक मर्यादेचा. मर्यादेच्या आकड्याला धडधाकट पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी झोप काढतो. आरामाचा आकडा बघा. तुमचे १० जर मर्यादेचे असतील तर ८ अंशांत झोप लागणार नाही. आराम ५ अंश अशी बॅग या भागाला योग्य. कृत्रिम धाग्याची सव्वा ते दीड किलो भरते. पिसांची हलकी असते, पण दहिवराने भिजली की चिप्पट होते आणि महागही पडते. इथे कृत्रिमच घ्या.

आहे ती १० वाली चालवायची तर आत सुती अस्तर घाला. जुन्या मऊ साडीची दुहेरी घडी करून तीन बाजूंनी शिवली की झालं. दोन-एक अंशांचा फरक पडतो, आणि बॅग आतून मळत नाही. माकडटोपी आणि कोरडे पायमोजे फक्त झोपायला राखून ठेवा, चाललेले कधीच घालू नका, त्यात घामाची ओल असते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट तपासून, मोज्यात गुंडाळून पायाशी घ्या. सकाळी तेच प्यायला होतं. आणि बॅग मुक्कामावर पोचल्याबरोबर पिशवीतून काढून झटका. दाबून ठेवलेला धागा फुलायला अर्धा तास लागतो.

घोंगडी आणि गोधडी या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका. गोधडी सुती असते. दहिवराने ती ओल धरते, जड होते आणि थंड पडते, दिवसभर वाळवायला वेळ नसतो. घरी ठेवा. घोंगडी लोकरीची, ओलसर झाली तरी ऊब देते, काट्याला आणि ठिणगीला दाद देत नाही. धनगर तिच्यावर उगीच विसंबत नाहीत. पण दोन किलोच्या वर भरते. १२ किलोच्या हिशोबात ती पांघरूण म्हणून बसते, बॅग आणि घोंगडी दोन्ही बसत नाहीत. ज्यांच्याकडे बॅग नाही त्यांनी खाली दोन फोम, वर घोंगडी, अंगात स्वेटर असं जुळवावं. ८ अंशांपर्यंत निभतं, लाटेत नाही.

---

दुधनाकाठ (जालना)

खूप आभार. एक विचारायचं राहिलं. वजन कमी करायला तंबू न नेता नुसती ताडपत्री बांधून झोपलं तर? डिसेंबरात पाऊस नाही म्हणून विचारतोय.

---

वैशागड (सिल्लोड)

नाही. इथे तंबू पावसासाठी न्यायचा नसतो, खालच्या जमिनीसाठी न्यायचा असतो.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. थंडीत साप कमी फिरतात, पण दुपारी तापलेला खडक रात्री ऊब धरून असतो, आणि फुरसं व विंचू अशा दगडांतच राहतात. त्यामुळे बूड शिवलेला, चेनने पूर्ण बंद होणारा जाळीचा आतला तंबू हवाच. दोन माणसांचे तीन तंबू घ्या, प्रत्येकी दोन-सव्वादोन किलो. एकाने कापड, दुसऱ्याने दांड्या आणि खुंट्या घेतल्या की माणशी किलोभर पडतं. चेन आत-बाहेर करताना लगेच लावा, पाच मिनिटं उघडी राहिली तरी जाळीचा उपयोग संपला. बूट आत घ्या, सकाळी उलटे करून झटका. खाण्याचं मात्र आत ठेवू नका, त्याने उंदीर येतात आणि उंदरामागे साप. कुणाला दंश झाला किंवा पहाटे अशी लक्षणं दिसली तर बांधाबांध, चिरणं, जडीबुटी काही नाही. अवयव हलू न देता आडवं नेऊन १०८ ला फोन करा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. मोबाईलला रेंज कुठल्या सोंडेवर येते हे मुक्काम लावतानाच बघून ठेवा.

तंबूखाली काहीतरी टाकायला हवं. जुना फ्लेक्स काट्यांना सगळ्यात चिवट, फक्त वजन बघा, गरजेपुरता कापा. तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी बोटभर आत राहील असा कापायचा. बाहेर आला तर वरून निथळलेलं दहिवर त्यावर साचून तंबूखाली जातं. बाहेरचं कापड ताणून बांधा आणि झरोके उघडे ठेवा. थंडी म्हणून सगळं बंद केलं तर दोघांच्या श्वासाची वाफ छताला धरते, पहाटे ठिबकते आणि बॅग आतून भिजते.

कुसळाचं आधी साफ करा. तंबूत शिरण्यापूर्वी मोजे आणि पँट उंबऱ्यावर झटका. कुसळ एकदा बॅगेत गेलं की धाग्यात रुतत आत जातं आणि वर्षभर टोचत राहतं. चालताना पातळ नायलॉनची पँट घाला, सुतीत ते जास्त अडकतं.

---

पठारावरून (छत्रपती संभाजीनगर)

वजनाचा हिशोब मांडून बघितला. पाणी ३ किलो, बॅग १.४, दोन फोम मिळून ०.७, तंबूचा वाटा १.१, सॅक १.५, तीन दिवसांचं कोरडं खाणं १.८, कपडे १, गॅस-शेगडी-भांड्यांचा वाटा ०.६, फिल्टर-गोळ्या-प्रथमोपचार-टॉर्च ०.६. बेरीज ११.७. म्हणजे बसतं, पण जेमतेम. घोंगडीवाल्यांचं १२ च्या वर जाईल, त्यांच्या गॅस आणि भांड्यांचा वाटा बॅगवाल्यांनी उचलावा. पाणी कमी करून वजन जुळवू नका.

ओआरएसची पाकिटं माणशी दोन टाका. एक पाकीट एका लिटरमध्ये, पाणी पक्कं झाल्यावरच. क्लोरीन मुरायच्या आधी टाकलं तर क्लोरीनची ताकद कमी होऊ शकते. सरबताची पूड आणि लिंबाचंही तसंच, गोळीचा अर्धा तास संपला की मग.